आधी रिकामी टाकी सांभाळून दाखवा

घरात एखादा प्राणी आणायचा ठराव बहुतेक वेळा एकमताने पास होतो. मुलं हात वर करतात, त्यांचे बाबा ‘आणूया की, काय बिघडलं?’ म्हणतात, आजोबाही मान डोलावतात. ज्या बाईच्या अंगावर पुढची दहा-बारा वर्षं काम पडणार असतं, ती तेव्हा आत भाकऱ्या थापत असते. तिचं मत नंतर विचारलं जातं. तोवर पिल्लू रिक्षात बसलेलं असतं!

पूर्वी हे प्रकरण दारातला मोत्या, चुलीपाशी झोपणारी मनी आणि फार तर बरणीतला गोल्डफिश एवढ्यावर भागत असे. आता मोबाइलवर सगळं जग घरात येतं आणि हौसही मोठी होते. एका मुलाला खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय हवं असतं, आत नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा ‘नीमो’ हवा असतो. दुसरीला कुत्र्याचं पिल्लू हवं असतं आणि त्याला अडथळ्यांवरून उड्या मारायला, बोगद्यातून पळायला, काठ्यांमधून नागमोडी धावायला शिकवायचं असतं. या खेळाला अजिलिटी म्हणतात. घोड्यांच्या अडथळ्यांच्या शर्यतीवरून तो सुचला आणि १९७८ साली इंग्लंडमधल्या ‘क्रफ्ट्स’ या कुत्र्यांच्या प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांपुढे आला. आता तो महाडच्या आणि पोलादपूरच्या मुलांना घरबसल्या दिसतो.

मैत्रिणींनो, हौसेला माझा अजिबात विरोध नाही. मुलांनी मोबाइल बाजूला ठेवून जिवंत प्राण्याकडे बघावं, यासारखं दुसरं चांगलं काय? पण हौस कुणाची आणि राबणूक कुणाची, हे प्राणी घरात यायच्या आधी ठरलं पाहिजे. आणि ते ठरवायची एक सोपी परीक्षा या दोन्ही छंदांमध्ये आयतीच आहे. दोन्हीची सुरुवात अशी असते की, बघण्यासारखं काहीही नसतं आणि काम मात्र रोज असतं. तेवढा काळ जो नेटाने काढील, त्याचीच हौस खरी.

दही लागतं, तशी टाकी लागते

आधी टाकीचं बघू. खाऱ्या पाण्याच्या टाकीत मासे पहिल्या दिवशी सोडायचेच नसतात. हे दुकानदार सांगेलच असं नाही, म्हणून आपल्याला माहीत हवं. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो माशांना विषच. समुद्रात तो पसरून जातो, टाकीत कुठे जाणार? एका जातीचे सूक्ष्म जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरे जीवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते मात्र थोड्या प्रमाणात माशांना सोसतं. हे जीवाणू दगडांवर आणि गाळणीच्या स्पंजवर वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

आपल्या भाषेत सांगायचं तर दही लागायला रात्र लागते, टाकी ‘लागायला’ महिना-दीड महिना. चांगल्या चालू टाकीतला स्पंजचा तुकडा मिळाला तर तो विरजणाचं काम करतो आणि वेळ थोडा वाचतो. पण दूध तापवलं आणि लगेच दही वाढलं, असं होत नाही ना? तसंच हे आहे.

या सहा आठवड्यांत काय करायचं? शंभर लिटरची टाकी धरली तर सुमारे साडेतीन किलो सागरी मीठ लागतं, कारण समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. हे मीठ म्हणजे डब्यातलं खायचं मीठ नव्हे. मत्स्यालयासाठी वेगळं तयार मिश्रण मिळतं, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम असे बाकीचे क्षारही असतात. ते आरओच्या पाण्यात विरघळवायचं. क्षारता मोजायच्या यंत्रावर १.०२५ च्या आसपास आकडा हवा, पाणी २४ ते २७ अंशांच्या दरम्यान हवं. चिमूटभर माशांचं खाणं टाकायचं, ते कुजून अमोनिया होईल आणि जीवाणूंना खाऊ मिळेल. मग दर दोन-तीन दिवसांनी अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट तपासायचं आणि वहीत लिहायचं. पहिले दोन आकडे शून्यावर आले आणि तिसरा दिसू लागला, की टाकी तयार. मग थोडं पाणी बदलायचं आणि पहिला मासा सोडायचा. एक किंवा जोडी, डझनभर नव्हे.

रोज आणखी एक काम असतं. आमटी आटली की खारट होते. टाकीचंही तसंच, पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. म्हणून रोज जितकं पाणी उडालं तितकं बिनमिठाचं पाणी वरून घालायचं. एक दिवस विसरलं तर चालेल, आठवडाभर विसरलं तर नाही.

आता बघा, सहा आठवडे घरात काचेची मोठी पेटी आहे, आत पाणी, चार दगड आणि गुरगुरणारा पंप. पाहुणे येतात, ‘मासे कुठेत?’ विचारतात आणि हसतात. अशा रिकाम्या टाकीची वही कोण भरतं, त्यावर नीट लक्ष ठेवा. वहीत ज्याचं अक्षर, त्याची टाकी. तिसऱ्या आठवड्यापासून वहीत तुमचंच अक्षर दिसायला लागलं, तर मासे कुणाच्या गळ्यात पडणार हे वेगळं सांगायला नको. तिथेच थांबा. रिकामी टाकी विकता येते, पाण्यात तडफडणारा जीव पाहवत नाही.

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असं आपण म्हणतो. या छंदात उतावळेपणाची किंमत मात्र नवऱ्याला नाही, माशाला मोजावी लागते.

समुद्र जवळ, पण कळशीत मावत नाही

‘आपला जिल्हा समुद्राचा, श्रीवर्धन-हरिहरेश्वरहून दोन कॅन पाणी आणलं की झालं!’ हा युक्तिवाद घरात हमखास होणार. त्याला भुलू नका. काठावरच्या पाण्यात गाळ, तेल, कचरा काय काय असतं. पावसाळ्यात तर नद्या इतकं गोडं पाणी ओततात की खाडीतलं आणि किनाऱ्याजवळचं पाणी खारं म्हणायचं की गोडं, हा प्रश्न पडावा. आपली सावित्रीच बघा, महाबळेश्वरला उगम पावून पोलादपूर, महाड करत बाणकोटच्या खाडीत सगळा सह्याद्रीचा पाऊस नेऊन टाकते.

आपल्याकडच्या अडचणी मुंबईच्या माणसाला कळायच्या नाहीत. मे महिन्यात डोंगरांच्या मधल्या या खोलगट भागात घरात पाणी आपोआप तापतं. पंखा लावला की थोडं निवतं, पण मग पाणी जास्त उडतं. जून-जुलैत वीज गेली की कधी येईल याचा भरवसा नाही, आणि पंप बंद पडला की काही तासांत पाण्यातला प्राणवायू कमी होऊ लागतो. बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप हा शोभेचा नव्हे, पहिल्या दिवशी घ्यायचा जिन्नस आहे. टाकीचं वजनही विसरू नका. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, वर काच आणि दगड. ती टीव्हीच्या टेबलावर ठेवायची वस्तू नव्हे.

आणि एक महत्त्वाचं. जिवंत प्रवाळ, प्रवाळाचे दगड किंवा समुद्रघोडा कुणी ‘स्वस्तात देतो’ म्हणाला, तर सरळ उठून या. वन्यजीव संरक्षण कायद्याने २००१ पासून त्यांना संरक्षण आहे, घरात ठेवणं हा गुन्हा ठरतो. त्यापेक्षा कृत्रिम दगड घ्या आणि मासा घ्या तो हॅचरीत जन्मलेला. नीमो, म्हणजे क्लाउनफिश, आता आपल्या देशात हॅचरीत तयार होतो. तो बंद पाण्यातच वाढलेला असल्यामुळे टाकीत रुळतोही लवकर. २००३ साली आलेल्या ‘फाइंडिंग नीमो’तली निळी डोरी मात्र घरच्या टाकीसाठी नव्हे. ती फूटभर वाढते आणि तिला पोहायला मोठी जागा लागते.

मासे राखणं आपल्याला काही नवं नाही म्हणा. आपल्याच महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड आहे. तिथल्या डोहातले मोठाले मासे वरदायिनी देवीचे, म्हणून कुणी पकडत नाही, लोक त्यांना खाऊ घालतात. ना काच, ना पंप, ना वही. कारण तिथे पाणी बदलायचं, गाळायचं, थंड ठेवायचं काम नदी करते. आपण मासा काचेत आणला की नदीचं सगळं काम घरातल्या कुणाला तरी करावं लागतं. ते ‘कुणीतरी’ कोण, एवढंच मी विचारते आहे.

पिल्लू उड्या मारणार, पण आज नाही

आता पिल्लाकडे वळू. दोन महिन्यांच्या आतलं पिल्लू आईपासून तोडून आणू नका. २०१७च्या नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकताही येत नाही. जातिवंतच हवं असाही हट्ट नको. आपलं गावठी पिल्लू काटक, चपळ आणि इथल्या हवेला सरावलेलं असतं. अडथळ्यांच्या खेळाला वंशावळ लागत नाही, लागतो तो माणसाशी असलेला जिव्हाळा.

मुलांना व्हिडिओत दिसतात त्या उंच उड्या. पण लहान पिल्लाला उड्या मारायला लावणं म्हणजे कच्च्या विटांवर मजला चढवणं. वाढत्या हाडांच्या टोकांशी मऊ कूर्चा असते. ती पक्की व्हायला लहान चणीच्या कुत्र्याला नऊ महिने ते वर्ष, मोठ्या चणीच्या कुत्र्याला दीड वर्षापर्यंत लागतं. त्याआधी वारंवार उंचावरून उडी मारली, तर सांधे कायमचे बिघडू शकतात. म्हणून आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये दीड वर्ष पूर्ण झाल्याशिवाय कुत्र्याला उतरवतच नाहीत.

मग तोवर काय? तोवर खरं शिक्षण. हाक मारली की यायचं. बस म्हटलं की बसायचं, थांब म्हटलं की थांबायचं. एका वेळी तीन ते पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, त्याहून जास्त नाही. बरोबर केलं की लगेच उकडलेल्या अंड्याचा किंवा चिकनचा कणभर तुकडा आणि शाबासकी. चुकलं तर मार नाही, ओरडा नाही, पुन्हा सोपं करून विचारायचं. आपल्या पोरांना पाढे शिकवताना हे जमलं असतं तर किती बरं झालं असतं, असं वाटतं की नाही?

यासाठी क्लास लागत नाही. घरातली शिडी जमिनीवर आडवी ठेवा आणि पिल्लाला पायऱ्यांच्या मधून हळूहळू चालवा. मागचे पाय कुठे पडतात, हे त्याला त्यातून कळतं. एक रुंद फळी जमिनीवरच ठेवा, तिच्यावरून चालू द्या. दोन खुर्च्यांवर जुनी चादर टाकली की बोगदा झाला. काठी जमिनीवर ठेवून ओलांडू द्या, उचलू नका. सकाळी नाहीतर संध्याकाळी, कारण तापलेल्या डांबरावर आणि सिमेंटच्या अंगणात त्याचे पंजे भाजतात. रेबीजची लस तीन महिन्यांचा झाल्यावर आणि बाकीचे डोस डॉक्टर सांगतील तसे. आपल्या भागात पावसाळ्यात लेप्टोची भीती असते. तो कुत्र्यालाही होतो आणि त्याच्या लघवीतून माणसालाही होऊ शकतो, म्हणून त्या लशीचंही विचारून घ्या.

इथेही वही ठेवा. आज कोण शिकवायला बसलं, किती मिनिटं, शी-शू कुणी काढली. पहिल्या महिन्यात ज्याने रोज पाच मिनिटं दिली नाहीत, तो पुढे वर्षभर काय देणार? पिल्लू यायच्या आधीच परीक्षा घ्यायची असेल तर तीही सोपी आहे. महिनाभर रोज पहाटे साडेपाचला उठून, रिकामा पट्टा हातात घेऊन चक्कर मारून या म्हणावं. जो उठेल त्याला पिल्लू!

पाणी चढलं तेव्हा

यात हसण्यावारी नेता येणार नाही अशीही एक गोष्ट आहे. २२ जुलै २०२१चा दिवस आपल्यापैकी कुणी विसरेल असं वाटत नाही. सावित्री आणि गांधारीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत, घराघरांत शिरलं. त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही संकट आलं. अशा वेळी माणसंच आधी वाचवायची, याबद्दल दुमत नाही. पण बांधून ठेवलेल्या मुक्या जनावराला पळताही येत नाही, हेही खरं आहे.

म्हणून ज्या वस्तीत पाणी येतं तिथे टाकी तळमजल्यावर मांडायचीच नाही. आणि कुत्रा पाळायचा तर पावसाळ्याच्या रात्री त्याला साखळीने बांधून ठेवायचं नाही. इथे त्या कंटाळवाण्या शिकवणीचं मोल कळतं. हाकेसरशी येणारा, अरुंद फळीवरून न घाबरता चालणारा, हलत्या जागेवर न बिथरणारा, जिना चढणारा, कुणीही उचललं तरी न चावणारा कुत्रा वाचवता येतो. स्पर्धेचं पदक मिळो न मिळो, या खेळाचा पाया आपल्यासारख्या पूर आणि दरडींच्या मुलखात जीव वाचवायच्या कामाचा आहे.

काम मोजलं जाऊ द्या

कुणी म्हणेल, एवढं काय मोजायचं, घरचंच तर काम! पण सरकारने मोजलं आहे. २०२४च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणानुसार घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, असं काम करणाऱ्या पुरुषाचे ८८. म्हणजे बाईचे जवळजवळ पाच तास आधीच भरलेले आहेत. त्यात टाकीचं पाणी, पंपाची सफाई, पिल्लाचं खाणं-फिरणं कुणीही न विचारता मिसळलं, तर ते कुणाला दिसणारही नाही. मुलगी बारावीनंतर पुण्याला जाते, मुलगा नोकरीसाठी मुंबईला. कुत्रा आणि मासे जात नाहीत. नीट सांभाळलेला कुत्रा बारा-पंधरा वर्षं जगतो आणि क्लाउनफिशही दहा वर्षांच्या पुढे जातो. पोरांची हौस अशी आईच्या पदरात वारसा म्हणून येते.

याचा अर्थ बाईने हौस करू नये असा मुळीच नाही. उलट, तुम्हालाच टाकी हवी असेल, पिल्लू हवं असेल, तर उघड म्हणा, ‘हे माझं आहे.’ मग त्यासाठी घरखर्चात पैसे वेगळे काढा, रोजची अर्धा तास सवड काढा, आणि तेवढ्या वेळात चहा ज्याचा त्याने करून घ्यावा. चोरून केलेली हौस लवकर कोमेजते. या कामातून बायका पुढेही गेल्या आहेत. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोने तिथल्या बायकांना शोभेची सागरी कोळंबी आणि मासे वाढवायला शिकवलं. आपल्याकडेही कांदळवन प्रतिष्ठानची शोभिवंत सागरी माशांची हॅचरी ऐरोलीला आहे. जे काम घरात ‘तुझंच ते’ म्हणून गळ्यात पडतं, तेच शिकून, आपल्या नावावर केलं की कौशल्य होतं. फरक एवढाच की आधी विचारलं होतं का.

जाता जाता एक गंमत. क्लाउनफिशच्या जोडीत मोठी असते ती मादी, आणि टाकीत चालतं तिचंच. ती गेली तर उरलेला नर हळूहळू मादी होऊन कारभार हाती घेतो. निसर्गाने तिथे कामाची आणि अधिकाराची वाटणी एकदम स्पष्ट केली आहे. आपल्याला एवढं नको, पण वहीत दोन रकाने पाडायला काय हरकत आहे? एकात काम, दुसऱ्यात नाव. दुकानात जायच्या आधी दहा रुपयांची ती वही घ्या. सहा आठवड्यांनी ती उघडून सगळ्यांसमोर वाचा, आणि मगच ठरवा, मासा आणायचा की टाकी परत करायची.